दहा-बारा हजारांचा फोन आणि आपलं गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यात मोबाइल विकणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. बाजाराच्या दिवशी काउंटरवर तेच ते प्रश्न येतात आणि गर्दीत अर्धवट उत्तर देऊन मी माणसाला वाटेला लावतो. मग तो दोन महिन्यांनी फोन घेऊन परत येतो. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. प्रश्न ज्याच्या त्याच्या बोलीतच ठेवले आहेत, उगाच पुस्तकी केले नाहीत.

दहा हजारात चांगला फोन येते काय भाऊ?

येतो. पण आधी हिशेब पाहू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल ठरला. म्हणजे दहा हजारांचा फोन सव्वा क्विंटल कापसाचा झाला. तोही सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर भाव पूर्ण मिळाला तर. खेडा खरेदीत दिला असेल तर आणखी काही किलो धरा. एवढा माल वेचायला किती दिवस लागतात ते मी तुम्हाला सांगायला नको, म्हणून डब्यावरचे आकडे पाहून भुलू नका.

सात-आठ हजारांच्या फोनवर बोलणं, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, फोनपे सगळं चालतं. पण वर्षभरानं तो दमतो. साडेनऊ ते बारा हजार या पट्ट्यात मला खरा फायदा दिसतो. दोन हजार जास्त टाकले की फोन दोनऐवजी तीन-चार वर्षं निघतो. पंधराच्या वर गेलात की जास्तीचा पैसा कॅमेरा आणि दिखाव्यात जायला लागतो. तुमची ती हौस असेल तर घ्या, मी विकायलाच बसलो आहे. आणखी एक गोष्ट. २०२५ च्या शेवटापासून जगभरात मेमरी चिप महागल्या. त्यामुळे गेल्या वर्षी नऊ हजारात जे मिळत होतं ते आता त्याच किमतीत मिळेलच असं नाही. मागच्या वर्षी शेजाऱ्यानं कितीला घेतला ते सांगून माझ्याशी भांडू नका.

डब्यावर १२ जीबी रॅम लिहून आहे, मग फोन ४ जीबीचा कसा?

खालची बारीक अक्षरं वाचा. खरी रॅम, म्हणजे फोनची चालू कामाची जागा, ४ जीबी आणि ८ जीबी "व्हर्च्युअल". म्हणजे फोनच्या साठवणुकीतला तुकडा रॅमसारखा वापरायचा. साठवणूक रॅमपेक्षा कितीतरी हळू असते. त्यामुळे मागे ठेवलेलं एखादं अ‍ॅप बंद पडायचं वाचतं, पण फोन काही पळायला लागत नाही. घरात बसायला जागा नाही म्हणून चार पाहुणे गोठ्यात बसवले तर पाहुणे सामावतात, पण चहा पोचायला वेळ लागतोच.

आजच्या घडीला खरी ४ जीबी म्हणजे कामचलाऊ, ६ जीबी म्हणजे निवांत. ३ जीबीचा फोन मी ओळखीच्या माणसाला देत नाही.

नवा होता तवा मस्त चाले, सहा महिन्यात हँग काऊन होऊन रायला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून इथे थोडा थांबतो.

बहुतेक लोक रॅमला दोष देतात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात फोनमध्ये खरं दुखणं साठवणुकीचं असतं. स्वस्त फोनमध्ये दोन जातीची साठवणूक येते, ईएमएमसी आणि यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एकच काम करते, एकतर वाचते नाहीतर लिहिते. यूएफएस दोन्ही एकाच वेळी करते. आपल्या भाषेत सांगायचं तर ईएमएमसी म्हणजे पांदण रस्ता. समोरून बंडी आली की तुम्ही बाजूच्या वावरात उतरून थांबायचं. यूएफएस म्हणजे ४४ नंबरचा नागपूर-हैदराबाद हायवे, जाणारे वेगळे आणि येणारे वेगळे. तुम्ही फोनपे उघडता त्याच क्षणी मागे व्हॉट्सअ‍ॅपचे चाळीस फोटो उतरत असतात आणि प्ले स्टोअर तीन अ‍ॅप अपडेट करत असतं. पांदणीवर तीन बंड्या आमनेसामने आल्या की काय होतं ते पावसाळ्यात पाहिलंच असेल.

दुसरं म्हणजे साठवणूक काठोकाठ भरली की तिचा वेग आणखी पडतो. ६४ जीबीच्या फोनमध्ये अँड्रॉइड आणि कंपनीची आधीच टाकलेली अ‍ॅप धरून पंधरा-वीस जीबी पहिल्याच दिवशी गेलेले असतात. उरलेल्यात सुप्रभात, तेराव्याच्या पत्रिका, पोळ्याच्या बैलांचे व्हिडिओ आणि राजकारण्यांची भाषणं. एका काकांच्या फोनमध्ये फक्त गुलाबाच्या फुलांचे ११ जीबी निघाले होते. दरेकावर "शुभ सकाळ". काका म्हणाले, ते मिटवू नको, नातेवाइकांनी पाठवलेत.

उपाय असा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. ज्यावर टिचकी माराल तेवढंच उतरेल. महिन्यातून एकदा मोठे व्हिडिओ काढून टाका. एकूण जागेपैकी दहा-पंधरा टक्के कायम मोकळी ठेवा. जे अ‍ॅप तुम्ही कधी उघडलंच नाही ते काढा किंवा बंद करा. "क्लीनर" आणि "बूस्टर" नावाची अ‍ॅप मात्र अजिबात टाकू नका. ती काही साफ करत नाहीत, वरून जाहिराती दाखवतात.

हे सगळं करूनही जमत नसेल तरच दुकानात या. आणि आल्या आल्या "सॉफ्टवेअर मारून द्या" म्हणू नका. सॉफ्टवेअर मारलं की फोटो, नंबर सगळं जातं, आणि मग घरी गेल्यावर बायको माझ्या नावानं बोटं मोडते.

नवा फोन घेताना मात्र १२८ जीबी आणि यूएफएस मागा. दुकानदाराला कोणती आहे ते माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या माहितीत लिहिलेलं असतं. तिथे नुसतं "१२८ जीबी" लिहून जात लिहिलीच नसेल, तर बहुधा ईएमएमसीच समजा.

५जी घ्याव का ४जीच बरा?

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. तालुक्याच्या गावात ते आता बऱ्यापैकी लागतं. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावांत मात्र ४जीच कसंबसं लागतं. तरीही तीन-चार वर्षांसाठी घेणार असाल तर ५जी घ्या असंच मी सांगतो, कारण बारा हजारांच्या आत आता ५जीच्या चिपच जास्त ताज्या येतात. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या.

पहिली गोष्ट. ५जीच्या दोन पद्धती आहेत, एसए (५जीचं स्वतंत्र जाळं) आणि एनएसए (४जीच्या जाळ्याच्या आधारानं चालणारं). जिओनं सुरुवातीपासून एसए लावलं, एअरटेलनं एनएसएनं सुरुवात केली. काही स्वस्त फोन, म्हणजे स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ चिपवाले, फक्त एसए पकडतात. एनएसएच्या सिमवर असा फोन ४जीच दाखवेल, आणि तुम्ही म्हणाल दुकानदारानं फसवलं.

दुसरी गोष्ट रिचार्जची. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचं अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्यावरच्या पॅकवरच मिळतं. रोज दीड जीबीचा पॅक मारणाऱ्याला ५जी फोन घेऊनही तो लाभ नाही. फोन बदलला आणि पॅक तोच ठेवला, असं निम्म्या लोकांचं होतं.

आमच्या वावरात रेंजच नायी. मोठा फोन घेतला त येईन काय?

टॉवरच नसेल तर लाखाचा फोनही काही करू शकत नाही. पण टॉवर आहे, मधे टेकडी आहे आणि रेंज येते-जाते, अशा ठिकाणी फोनफोनात फरक पडतो.

खालच्या फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंती-झाडांतून जास्त पार होते. वरच्या फ्रिक्वेन्सीत वेग जास्त, पण पल्ला कमी. खेड्यात कामाला येतात त्या ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी. बीएसएनएलनं २७ सप्टेंबर २०२५ ला देशी बनावटीचं ४जी देशभर सुरू केलं, त्यात ७०० मेगाहर्ट्झ म्हणजे बँड २८ आहे. जुन्या कितीतरी ४जी फोनांमध्ये बँड २८ नसतो. म्हणून बीएसएनएलचं सिम टाकूनही रेंज लागत नाही आणि लोक सिम फेकून देतात. जिओचं ४जी बँड ५, ३ आणि ४० वर चालतं, एअरटेलचं मुख्यतः ८, ३ आणि ४० वर. फोनच्या माहितीत हे आकडे दिलेले असतात. तुमच्या वावरात कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी पाहा आणि मग फोन पाहा. आपल्याकडे लोक उलटं करतात.

सोपी परीक्षा सांगतो. दोन शेजाऱ्यांचे दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन वावरात न्या आणि विहिरीजवळ, धुऱ्यावर, गोठ्यात असं तीन ठिकाणी बोलून पाहा. मग दोन सिमच्या फोनमध्ये एक सिम गावात चालणारं आणि एक वावरात चालणारं ठेवा. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. जाड भिंतींच्या घरात त्याचा फार उपयोग होतो.

बॅटरी दिवसभर पुरन काय? लाइटीचा त भरोसा नायी.

आता जवळपास सगळ्याच स्वस्त फोनमध्ये ५,००० एमएएच किंवा जास्त बॅटरी येते. एवढ्यात साधा माणूस दिवस काढतो. फरक पडतो तो चार्जिंगच्या वेगानं. १० वॉटच्या चार्जरनं ५,००० ची बॅटरी भरायला तीन तासांच्या आसपास लागतात, १८ वॉटनं दोन तासांत काम होतं. डीपी जळाली आणि मधे दोनच तास लाइट आली, तर हा फरक कळतो. कित्येक कंपन्यांनी डब्यात चार्जर देणं बंद केलं आहे किंवा फोन १८ वॉटचा आणि चार्जर १० चा देतात. डबा माझ्यासमोर उघडा.

रातच्या ओलिताला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हरभऱ्याला पाणी द्यायला गेलात आणि वावरात रेंज कमी असली, की फोन टॉवरला पकडून ठेवायला जास्त ताकद लावतो. गावात चोवीस तास चालणारी बॅटरी वावरात सकाळपर्यंत बसते. वर टॉर्चही चालूच असतो. कोणाचा फोन येणार नसेल तर विमान मोड लावा. मोटरचा स्टार्टर मोबाइलवर लावला असेल तर स्टार्टरमध्ये त्याचं वेगळं सिम असतंच, तुमचा फोन थोडा वेळ बंद असला तरी मोटर चालू राहते. आणि उजेडासाठी दीडशे रुपयांची हातबॅटरी घ्या ना. फोनच्या उजेडात साप दिसत नाही.

रस्त्यावर ऐंशी रुपयांत मिळणाऱ्या चार्जरबद्दल माझं मत वाईट आहे. व्होल्टेज खालीवर झालं की आधी तो जळतो, आणि कधीकधी जाताना फोनची चार्जिंग पट्टीही घेऊन जातो. चार्जरवर बीआयएसचा आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या.

उन्हाळ्यात फोन तापते, चार्जिंगच घेत नायी. खराब झाला काय?

नाही, तो स्वतःला वाचवतो आहे. फोनच्या लिथियम बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करणं घातक असतं, म्हणून फोन चार्जिंग थांबवतो किंवा हळू करतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीवाल्यांना तर विचारूच नका. टिनाच्या छपराखाली यूट्यूब पाहत चार्जिंगला लावलेला फोन तापणारच.

चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा. तेव्हा जाड कव्हर काढून ठेवा आणि उशीखाली ठेवू नका. गाडीच्या डिक्कीत, ट्रॅक्टरच्या बोनटवर फोन ठेवू नका. तापला म्हणून फ्रिजमध्ये तर मुळीच नको. आत दव धरतं आणि बोर्ड जातो. दर मे महिन्यात असा एक तरी फोन माझ्याकडे येतो, आणि कोणी कबूल करत नाही. कूलरच्या हवेत दहा मिनिटं ठेवलं की पुरतं. पाण्याचे तुषार मात्र लागू देऊ नका.

मागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा स्क्रीन फुगीर वाटली, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्ज करू नका, टोचू नका, आणा.

उन्हात स्क्रीन दिसत नायी.

स्वस्त एलसीडी पडद्याचा उजेड ४५०-५०० निट्सच्या आसपास असतो, वावरातल्या दुपारच्या उन्हात तो पुरत नाही. ७००-८०० च्या वर असलेला घ्या. घेण्याआधी फोन हातात धरून दुकानाबाहेर रस्त्यावर जा आणि तिथे पाहा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान. ९० किंवा १२० हर्ट्झ म्हणजे पडदा वर-खाली सरकवताना गुळगुळीत वाटतो. छान आहे, पण उन्हात दिसण्याशी त्याचा संबंध नाही.

५० मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, तरी ई-पीक पाहणीचा फोटो काऊन अडते?

दोन वेगळे प्रश्न आहेत हे.

कॅमेऱ्याचं असं की ५० मेगापिक्सेलवाले फोन चार बिंदूंचा एक करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो काढतात. स्वस्त फोनमध्ये सेन्सर लहान असतो, त्यामुळे दिवसाच्या उजेडात फोटो बरा येतो आणि लग्नाच्या मांडवात रात्री नवरदेव धुरकट दिसतो. मागे तीन गोल दिसतात त्यातले एक-दोन बहुतेक शोभेचेच. कापसावरची बोंडअळी कृषी सहायकाला व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवायची असेल तर जवळून फोटो स्पष्ट येतो का, एवढं पाहा. त्यासाठी ५० काय, १३ मेगापिक्सेलही पुरे.

ई-पीक पाहणीत मात्र अडतं ते लोकेशनमुळे. ही पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, आणि फोटो त्या गटात उभं राहूनच काढावा लागतो. जीपीएसला नेट लागत नाही. पण नेट नसलं की फोनला पहिल्यांदा उपग्रह शोधायला वेळ लागतो. झाडाखाली उभे राहू नका. उघड्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, लोकेशन "अचूक" वर ठेवा, बॅटरी सेव्हर बंद करा आणि मगच अ‍ॅप उघडा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी एवढ्यानं मिटतात. उरलेल्या अ‍ॅपच्या सर्व्हरच्या असतात, त्यावर ना माझा इलाज ना तुमचा. शेवटच्या तारखेची वाट पाहू नका, एवढंच.

सरकारी अ‍ॅप या फोनवर चालतीन काय? कपास किसान, पीएम किसान, चेहऱ्याची केवायसी?

नव्या कोणत्याही ४ जीबीच्या फोनवर चालतील. २०२५ च्या खरिपापासून सीसीआयला हमीभावानं कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर आधार टाकून नोंदणी आणि मग दिवस ठरवणं आलं. म्हणजे फोन आता बंडीइतकाच गरजेचा झाला. त्या हंगामात तुमच्यापैकी कितीतरी जण जुना फोन घेऊन माझ्या काउंटरवर उभे होते आणि ओटीपी कोणत्या नंबरवर येतो हेच माहीत नव्हतं. आधारला जोडलेला नंबर ज्या सिमचा आहे ते सिम चालू ठेवा. पोराच्या नंबरला जोडलेलं असेल आणि पोरगा पुण्यात असेल, तर आधी त्याला फोन लावून बसवा.

चेहऱ्याच्या केवायसीसाठी पुढचा कॅमेरा बरा लागतो आणि अँड्रॉइड फार जुनं चालत नाही. उजेड चेहऱ्यावर समोरून पडू द्या, पाठीमागून नको.

एक ताकीद. "पीएम किसान", "आरटीओ चलान" किंवा लग्नपत्रिका अशा नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली तर उघडू नका. तुमच्या ओळखीच्या नंबरवरून आली तरीही नाही, कारण त्याचाच फोन आधी पकडला गेलेला असतो. अ‍ॅप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. दुसऱ्या दिवशी गावात पंचायत भरवून मग करू नका. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवता येण्याची आशा जास्त असते.

धूळ, पाणी, कापसाचा तंतू... टिकन काय?

आयपी५४ किंवा आयपी६४ लिहिलेला फोन धूळ आणि शिंतोडे सोसतो, म्हणजे पावसात खिशात थोडा भिजला तर चालेल. विहिरीत पडला तर नाही.

वेचणीच्या दिवसांत माझ्याकडे "चार्जिंग होत नाही" म्हणून फोनची रांग लागते. खिशातला कापसाचा तंतू चार्जिंगच्या भोकात जातो आणि पिन दरवेळी त्याला आत दाबते. महिन्याभरात त्याची गच्च गादी होते. फोन बंद करा, दात कोरायची लाकडी काडी घ्या आणि हलक्या हातानं काढा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतले बिंदू वाकतात. हे काम मी फुकट करतो. काही दुकानदार चार्जिंग पट्टी बदलली असं सांगून तीनशे घेतात.

ऑनलाइन घेऊ का दुकानातून?

माझ्याच पोटावर पाय येतो, तरी खरं सांगतो. दिवाळीच्या आधीच्या सेलमध्ये ऑनलाइन हजार-दीड हजारांनी स्वस्त मिळतो, खास करून बँकेचं कार्ड असेल तर. मला त्या भावात मालच येत नाही. पण डबा उघडताना व्हिडिओ काढा, आणि घेण्याआधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते पाहा. पांढरकवड्याहून यवतमाळ सत्तरेक किलोमीटर, नागपूर दीडशेच्या आसपास. वॉरंटीत फोन "फुकट" दुरुस्त होतो, पण दोन वेळा एसटीनं जाणं-येणं आणि दोन रोज बुडाले की हजार रुपये तिथेच गेले. यवतमाळात सेंटर नसलेल्या कंपनीचा फोन पाचशेनं स्वस्त असला तरी मी घेणार नाही.

डिस्प्ले फुटला तर नव्या कॉम्बोला, म्हणजे काच आणि डिस्प्लेच्या जोडीला, साधारण हजार ते दोन हजार लागतात. फार चालणाऱ्या मॉडेलचा कॉम्बो माझ्याकडे पडलेला असतो. कोणीच न घेतलेल्या मॉडेलचा नागपूरहून मागवावा लागतो आणि आठ दिवस जातात. गावात चार जणांकडे आहे तोच फोन घेण्यात एवढा शहाणपणा आहे. टेम्पर काच मात्र पहिल्याच दिवशी लावा.

किस्तीवर घेतला त चालन काय?

चालेल, कागद वाचलात तर. "बिनव्याजी" म्हटलं तरी फाइल चार्ज, विमा, कधी कधी न मागितलेली वॉरंटी त्यात टाकलेली असते. सगळ्या किस्ती अधिक सुरुवातीची रक्कम अशी बेरीज करा आणि रोखीच्या भावाशी ताडून पाहा. किस्तीच्या फोनमध्ये लॉकचं अ‍ॅप टाकतात. किस्त चुकली की फोन बंद होतो आणि तो रीसेट करूनही सुटत नाही.

माझ्या सख्ख्या साळ्याचा फोन असाच ऐन सोयाबीनच्या कापणीत बंद झाला होता. किस्त भरलेली होती, त्यांच्याकडे नोंद व्हायची राहिली. चार दिवस मजूर, हार्वेस्टरवाला, व्यापारी कोणाशीच बोलणं नाही. तेव्हापासून मी सांगतो, किस्त भरल्याची पावती कागदावर ठेवा आणि महत्त्वाचे नंबर वहीत लिहा. आपल्याकडे पैसा दसरा-दिवाळीनंतर येतो आणि किस्त दर महिन्याला जाते, हेही विसरू नका.

जुना फोन घेतला त?

चालतो. दोन वर्षांपूर्वीचा अठरा हजारांचा फोन आठ-नऊ हजारात मिळाला तर तो नव्या आठ हजारांच्या फोनला मागे टाकतो. अटी तीन. बिल पाहिजे. पहिल्या मालकानं त्याचं गूगल खातं तुमच्या डोळ्यासमोर काढलं पाहिजे, नाहीतर रीसेटनंतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो. आणि *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, तपासला पाहिजे. इंग्रजीत केवायएम लिहा, जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ वर एसएमएस करा, किंवा संचार साथी या सरकारी साइटवर पाहा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. तुमचाच चोरीला गेला तर पोलिसात तक्रार देऊन त्याच संचार साथीवरून बंद करता येतो.

किती वर्षं चालन?

शरीरानं चार-पाच वर्षं. बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून झाली की सोळा आण्यांचं नाही, बारा-तेरा आण्यांचंच काम देते. ती सात-आठशेत बदलून मिळते. पण अँड्रॉइडचे अपडेट बंद झाले की हळूहळू अ‍ॅप साथ सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं, तेव्हा चांगले चालते फोन लोकांनी माझ्या काउंटरवर आणून ठेवले होते. स्वस्त फोनमध्ये बहुधा एक-दोन मोठे अपडेट मिळतात. सॅमसंगनं २०२४ च्या गॅलेक्सी ए१६ ५जीला सहा देण्याचं कबूल केलं, पण तो आपल्या पट्ट्याच्या वरचा आहे. किती वर्षं अपडेट मिळणार हे घेण्याआधी विचारा. दुकानदार विचारात पडेल, पण विचारा.

फोनचे त दहा हजार, पण रिचार्ज?

खरा खर्च तिथेच आहे. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक ३ जुलै २०२४ ला २३९ वरून २९९ झाला. वर्षाला असे तेरा पॅक लागतात, म्हणजे ३,८८७ रुपये. तीन वर्षांत ११,६६१. फोनच्या किमतीपेक्षा जास्त. घरात तीन फोन असतील तर स्वतःच गुणाकार करा. तिघांनाही रोजचा डेटा लागतोच असं नाही. घरी राहणाऱ्या आजोबांना नुसत्या बोलण्याचा पॅक द्या. २०२५ च्या जानेवारीपासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या आदेशानं कंपन्यांना तसे पॅक काढावे लागले. ते जाहिरातीत दिसत नाहीत, मागावे लागतात.

मायसाठी कोणता घेऊ? तिले नुसतं बोलाचं आहे.

मग बटनाचाच घ्या, ४जीचा. हजार-दीड हजारात येतो, चार्जिंग तीन-चार दिवस जातं, आणि पैसे पाठवायचे झाले तर यूपीआय १२३पे त्यावरही चालतं. पण मावशींना नातवाचा चेहरा पाहायचा असेल, तर तुमचा जुना स्मार्टफोन बॅटरी बदलून द्या. अक्षरं मोठी करा, स्क्रीनवर चारच चिन्हं ठेवा, तुमचा नंबर फोटोसकट पहिल्या पानावर लावा. घेऊन या, मी करून देतो. दुपारी दोन ते चार मी जेवायला जातो, तेवढी वेळ सोडून.